नावामागचा नंबर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सामाईक विहीर आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवी नाही. विहीर एक, हिस्सेदार चार; ज्याची पाळी त्याचं पाणी. संगणकांच्या जाळ्यातही अशीच सोय असते. सगळ्यांच्या फायली एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवतात आणि बाकीचे संगणक तिथलं फोल्डर स्वतःला जोडून घेतात. याला 'माउंट करणं' म्हणतात. मग दूरचं फोल्डर आपल्याच यंत्रात असल्यासारखं दिसतं.

युनिक्स यंत्रांसाठी ही व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं १९८४ साली तयार केली. तिचं नाव नेटवर्क फाईल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस. १९८२ साली ही कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.

२००४ साली मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत होतो. प्रयोगशाळेत युनिक्सच्याच वळणाची रेड हॅट लिनक्स प्रणाली होती. एक नवा संगणक आला. मी केबल जोडली, त्याला आयपी पत्ता दिला, सर्व्हरवरच्या परवानगीच्या यादीत त्याची नोंद केली आणि प्रकल्पांचं फोल्डर माउंट केलं. फायली दिसू लागल्या. काम झालं, असं समजून मी त्या यंत्रावर एका विद्यार्थिनीचं खातं उघडून दिलं.

पुढच्या आठवड्यात सर्व्हरची डिस्क भरत आली. "आपापल्या जुन्या फायली काढून टाका," असं मीच वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा रडवेला होऊन आला. त्याचा शेवटच्या वर्षाचा सगळा प्रकल्प नाहीसा झाला होता. चौकशी केली, तर फायली त्या मुलीनं काढलेल्या. वर्गात कुजबुज सुरू झाली. ती एवढंच म्हणत राहिली, "सर, त्या फायलींवर माझंच नाव होतं. मी माझ्या नावाच्याच फायली शोधल्या."

ती खरं बोलत होती. युनिक्स माणसाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखते. प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो आणि फाईलवर मालक म्हणून तोच लिहिला जातो. नाव आपल्या सोयीसाठी. क्रमांकावरून ते प्रत्येक यंत्र स्वतःच्या यादीत पाहून दाखवतं. त्या काळी रेड हॅटवर साध्या खात्यांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत. सर्व्हरवर ५०० हा क्रमांक त्या मुलाचा होता. नव्या यंत्रावर पहिलं खातं उघडलं, त्यालाही ५०० मिळाला. त्यामुळे मुलाच्या फायली तिथं मुलीच्या नावानं दिसल्या. तिनं त्या काढायला सांगितल्या, तेव्हा सर्व्हरनंही क्रमांक पाहिला आणि मालकाचाच हुकूम समजून मानला. गट नंबर चुकला की दुसऱ्याचं शेत आपल्या नावावर दिसावं, तसं हे झालं.

रात्रीची टेप होती म्हणून प्रकल्प परत मिळाला. एका दिवसाचं काम तेवढं गेलं. मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली, कारण चूक माझी होती.

यावर उपाय सोपा आहे. सगळ्या यंत्रांवर एका माणसाचा क्रमांक एकच हवा. त्यासाठी खात्यांची यादी एका जागी ठेवून सगळ्यांना तीच वाचायला लावतात. एनआयएस नावाची अशी व्यवस्था सननंच दिली होती; पुढे एलडॅप रुळली. आज एनएफएसला केर्बेरॉसची जोड देऊन माणसाची खरी ओळखही पटवता येते. पण साध्या मांडणीत सर्व्हर अजूनही समोरून आलेल्या क्रमांकावरच विश्वास ठेवतो.

म्हणून नवं यंत्र जाळ्यात घेताना फायली दिसल्या की उठू नका. एक नवी फाईल तयार करा, सर्व्हरवर जाऊन तिचा मालक कोण दिसतो ते पाहा, आणि मगच ते यंत्र मुलांच्या हाती द्या. त्या दिवशी मी ही दोन मिनिटं वाचवली होती. त्याची किंमत एका निरपराध मुलीनं मोजली.