टिचबटणांचं छप्पर

केटरहॅम सेव्हन या उघड्या गाडीचं हूड, म्हणजे टिचबटणांनी बसणारं छप्पर, चढवायला चार हात आणि एक गरम खोली लागते. हात नंतर, खोली आधी. कारण हूडचं काळं व्हिनाइल थंडीत आकसतं. रात्रभर गॅरेजमध्ये पडलेलं हूड सकाळी ओढायला घ्यावं, तर शेवटची दोन टिचबटणं आपापल्या जागेपासून बोटभर लांबच राहतात. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात माझे एक स्नेही राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात हिवाळाभर रेडिएटरशेजारी हूडची वळकटी उभी असते. घडी घालायची नाही, मागची प्लॅस्टिकची खिडकी तडकते, अशी ताकीद पाहुण्यांनाही असते.

गाडी मुळात पावसासाठी केलेलीच नाही. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली ती शर्यतीत पळवायला आणि शर्यत संपली की तीच चालवत घरी यायला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दारं नाहीत, टप नाही. वजन आपल्या मारुती ८०० पेक्षा कमी. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती खोक्यांतून यायची आणि गिऱ्हाइकानं घरी पाना-पक्कड घेऊन जोडायची. जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाणार, म्हणून कंपनीनं गाडी सुटी कशी करावी याचा कागद दिला आणि लोकांनी तो खालून वर वाचला, असं सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम गावच्या ग्रॅहम निअर्न यांच्या कंपनीनं घेतले. कर वाचेनासा झाला तरी घरी गाडी जोडणारे काही थांबले नाहीत. ‘द प्रिझनर’ या १९६७ च्या टीव्ही मालिकेची सुरुवातच आभाळाच्या गडगडाटानं होते आणि पॅट्रिक मॅकगूहन सेव्हन हाकत येतो. डोक्यावर हूड नाही, अंगावर थेंब नाही. सेव्हनवाल्यांचं सगळं स्वप्न त्या तेवढ्या दृश्यात आहे.

प्रत्यक्षात पाऊस वरून कमी आणि मागून जास्त येतो. सेव्हनची पुढची काच जवळजवळ उभी आणि सपाट. वारा तिच्यावर आपटून डोक्यावरून निघून जातो, तिच्या मागे हवेचा दाब उतरतो आणि ती पोकळी भरायला मागची हवा आत ओढली जाते. त्या हवेबरोबर मागच्या चाकांनी उडवलेला तुषार येतो, कधी धुराचा वासही. गाडी पळत असताना डोकं बरंचसं कोरडं आणि मान ओली, हा प्रकार त्यामुळे. सिग्नलला थांबलात की मात्र पाऊस सरळ मांडीवर.

दारांच्या जागी साइडस्क्रीन असतात. चौकटीवर ताणलेलं व्हिनाइल, मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक, आणि सगळं काचेच्या खांबाला बिजागरीनं टांगलेलं. पावसाळ्यात रिक्षाला रेक्झीनचे पडदे सोडतात त्याच जातीची ही वस्तू, फक्त किंमत पाहून रिक्षावाला हसेल. फडक्यानं कोरडी पुसली की त्यावर ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्या ओरखड्यांत फुटतात. त्यामुळे ती आधी भरपूर पाण्यानं धुवायची.

पूर्ण हूड लावून एकदा मी स्नेह्यांच्या गाडीत त्यांच्यासोबत शिरलो. बाजूनं जाणाऱ्या सायलेन्सरला पोटरी लागू न देता एक पाय आत, मग बूड, मग मान खाली घालून राहिलेलं शरीर, आणि शेवटी बाहेर उरलेला दुसरा पाय हातानं उचलून. आत बसल्यावर तासभर अंग कोरडं राहिलं हे खरं. पण आम्हा दोघांच्या श्वासानं काच धुरकटली, हीटरला इंजिनाचा वास आणि मागचं काही दिसेना. पाऊस बाहेर ठेवायच्या नादात आम्ही आतला दमटपणा कोंडून ठेवला होता.

म्हणून जाणते लोक अर्धं हूड वापरतात. काचेच्या वरच्या कडेपासून पाठीमागच्या रोलबारपर्यंत एवढाच तुकडा. मागची बाजू उघडी, त्यामुळे वाफ निघून जाते. चढवायला दोन मिनिटं, काढलं की सीटमागे मावतं. सोबत तारांनी तापणारी पुढची काच घेतली तर ती आतून धुरकटत नाही. माझ्या मते गाडीसाठी करायचा पहिला खर्च हाच. जास्त ताकदीच्या इंजिनाचा नंतर. इतक्या हलक्या गाडीला रुंद टायर असले की साचलेल्या पाण्यावर ती तरंगू पाहते. तिथे ताकदीचा उपयोग नाही, उजवा पाय वेळेवर उचलण्याचा आहे.

पाणी तरीही येतंच. वायपरच्या दांड्यांपाशी, बॉनेट जिथे डॅशबोर्डच्या पत्र्याला भिडतं तिथे, हूडच्या शिवणीतून. नवखा मालक सिलिकॉनची नळी घेऊन एकेक फट बुजवत सुटतो आणि गाडीचा हौद करून ठेवतो. पाणी पायांशी साचलं, गालिच्याखाली मुरलं की ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना चिकटलेले आहेत तिथे गंज धरतो. स्नेह्यांनी गालिचे केव्हाच काढून टाकले आहेत. त्यांच्या गाडीच्या तळाला भोकं आहेत, त्यांत रबरी बुचं.

पूर्ण हूडमधल्या त्या फेरीनंतर घरी पोहोचल्यावर स्नेही आधी गाडीखाली वाकले. बुचं ओढली. दोन बाजूंनी दोन धारा लागल्या, माझ्या बाजूची जरा मोठी. “तुमच्याकडची शिवण उसवली दिसते,” असं म्हणत त्यांनी हूडची टिचबटणं टकाटक उपटली, वळकटी बगलेत मारली आणि स्वयंपाकघराकडे निघाले.