माळ्यावरच्या रेडिओत दडलेला गिटारचा आवाज

१९३८ साली वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या उद्योगसमूहात एक कंपनी निघाली, रेडिओ लॅम्प वर्क्स. १९६०मध्ये ती बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. त्याच १९३८मध्ये तिकडे कॅलिफोर्नियात, फुलर्टन गावी, लिओ फेंडरनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. निव्वळ योगायोग, पण मला भारी आवडतो. कारण या रेडिओवाल्यानं पुढे गिटारचे जे जगप्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर काढले, त्यांत रेडिओचीच विद्या होती. आर्वी-हिंगणघाटच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ पडून असेल, तर त्यात ईएल८४ नावाचा व्हॉल्व्ह निघू शकतो. व्हॉक्स एसी३० या गाजलेल्या अ‍ॅम्पमध्ये असेच चार व्हॉल्व्ह असतात!

व्हॉल्व्ह हा बल्बचाच भाऊबंद. काचेत निर्वात पोकळी, मधोमध तापलेली बारीक नळी, तिच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि अडीच-तीनशे व्होल्टच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. बोर धरणाच्या कालव्याचं गेट जरासं हललं तरी पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो, तसं इथे होतं. गिटारमधून येणारा व्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा ग्रिडवर थरथरतो आणि पत्र्याकडचा सगळा प्रवाह त्याच तालावर हलतो.

मग गिटारवाले अ‍ॅम्पमध्ये ‘बदल’ करतात म्हणजे काय करतात? १९६२च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पची जवळपास नक्कलच केली. फरक बरेच होते, पण एक पाहण्यासारखा. पहिल्या जागी फेंडरचा १२एवाय७ होता, आवाज वाढवण्याचा गुणांक ४४च्या आसपास. मार्शलवाल्यांनी तिथे ईसीसी८३ बसवला, गुणांक १००. सॉकेट तेच, पिना त्याच. सिग्नल दुपटीनं वाढला, पुढचे व्हॉल्व्ह लवकर भरून आवाज फाटू लागला, आणि त्या फाटण्यालाच लोक रॉकचा आवाज म्हणू लागले.

दुरुस्तीत मात्र दोष बहुधा व्हॉल्व्हचा नसतो, कंडेन्सरचा असतो. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळिशी गाठतो. अशा उन्हाळ्यांत वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या फिल्टर कंडेन्सरमधलं द्रावण सुकतं आणि स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते (आपली वीज ५०ची, डायोडच्या जोडीतून गेल्यावर दुप्पट). दुसरा चोर म्हणजे दोन व्हॉल्व्हमधला कपलिंग कंडेन्सर. तो गळू लागला की पुढच्या ग्रिडवर नको तो दाब चढतो, प्रवाहाला आवर राहत नाही आणि आतला पत्रा लालबुंद होतो. तेव्हा लगेच स्विच बंद करायचा. नवा व्हॉल्व्ह घालून भागत नाही, तोही तसाच जळतो.

हे वाचून माळ्यावर चढणार असाल आणि त्या रेडिओला गिटार जोडणार असाल तर आधी व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर बघा. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचं फिलामेंट. ‘यू’ असेल, उदाहरणार्थ यूएल८४, तर तो सेट बहुधा एसी-डीसी दोन्हींवर चालणारा, आणि अशा सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, बऱ्याचदा थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. लाकडी पेटी असल्यानं रेडिओ ऐकणाऱ्याला ते कधी कळत नाही. गिटारच्या तारा मात्र चासीलाच जोडल्या जातात. त्यामुळे ‘यू’ दिसला तर गिटार लावूच नका. ‘ई’ असला तरी प्लग काढा, मोठ्या कंडेन्सरमधला साठा रेझिस्टन्स लावून उतरवा, आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका.