चाकांवरचें घर आणि त्याची राखण

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ज्यास एके ठिकाणीं स्थिर असा आसरा नाहीं, त्याच्याविषयीं आपण ती किंचित् थट्टेनें व किंचित् कींव करून वापरतों. परंतु उत्तर अमेरिकेंत असंख्य कुटुंबें असें बिऱ्हाड हौसेनें पाठीवर घेतात आणि आठवडेच्या आठवडे डोंगर, अरण्यें व समुद्रकिनारे पाहत हिंडतात. निजावयास खाटा, स्वयंपाकाची चूल, पाण्याची टाकी, स्नानाची कोठडी व दिवे हें सर्व त्या वाहनांतच असतें. तेथील लोक त्यास 'आर. व्ही.' या दोन अक्षरांनीं ओळखतात. आपण त्यास फिरतें घर म्हणूं. याचे मुख्य प्रकार दोन आहेत. एकास स्वतःचें इंजिन असतें व तें मोठ्या बसगाडीसारखें चालतें. दुसऱ्यास इंजिन नसतें. तें मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावें लागतें.

हा विषय परदेशचा, तेव्हां आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचे आप्त त्या देशांत राहतात, व सुटींत तेही अशीं घरें भाड्यानें घेऊन निघतात. शिवाय २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानेंही अशा वाहनांतून पर्यटन करण्याविषयीं आपलें धोरण जाहीर केलें. तेव्हां या सुखाबरोबर कोणती जबाबदारी येते, हें समजून घेणें मुलांस व वडील माणसांस सारखेंच उपयोगी आहे.

केवळ हौसेसाठीं घर चाकांवर घालून हिंडण्याची कल्पना फार जुनी नाहीं. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉच गृहस्थ प्रथम आरमारांत वैद्य होते व पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहून प्रसिद्धीस आले. १८८५ सालीं त्यांनीं 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या', या नांवाचें दोन घोड्यांनीं ओढावयाचें लांकडी घर बांधवून घेतलें आणि त्यांतून इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. रस्ते अरुंद व घर अवजड; म्हणून त्यांचा एक सेवक तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई व समोरून येणाऱ्या गाड्यांस आधीं सूचना देई. फिरत्या घराच्या हौसेबरोबर त्याच्या राखणीची काळजीही अशी जन्मास आली.

आज घोडे गेले व इंजिन आलें, परंतु मूळ अडचण तीच राहिली आहे. गांवांतील घरांत चूल असते, पण तें घर धांवत नाहीं. मोटार धांवते, पण तिच्यांत कोणी चूल पेटवीत नाहीं व रात्रभर निजतही नाहीं. फिरत्या घरांत घराचे धोके व रस्त्याचे धोके एकाच छपराखालीं नांदतात. अशा प्रवासास निघालेला मनुष्य बहुधा चोराची भीति बाळगून दाराची कडी दोनदां तपासतो. तें योग्यच आहे. परंतु कडी लावून जो शत्रु बाहेर ठेवतां येत नाहीं, त्याची ओळख आधीं करून घेतली पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्यें केरळांतील वडकरा येथें रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या अशा एका वाहनांत दोन माणसें मृत आढळलीं. त्यांच्यावर कोणी शस्त्र उगारलें नव्हतें. चालू ठेवलेल्या जनरेटरच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु आंत शिरला होता, असें तपासांत दिसून आलें. थंड हवेसाठीं लावलेलें यंत्रच त्यांचा काळ झालें.

इंधन पुरतें जळलें नाहीं म्हणजे हा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं व चवही नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य शरीरभर प्राणवायु वाहून नेतें. परंतु हा वायु त्या द्रव्यास प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळकटपणें चिकटतो. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर आंतल्या आंत गुदमरतें. डोकें दुखणें, चक्कर येणें, मळमळणें, हातापायांतील बळ जाणें हीं त्याचीं पहिलीं लक्षणें होत. मनुष्य निजलेला असल्यास तींही त्यास कळत नाहींत. म्हणून गाडींतील दोघांतिघांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें, तर तो प्रवासाचा शीण आहे असें समजून पडून राहूं नये. सर्वांनीं तत्काळ मोकळ्या हवेंत यावें व वैद्यकीय मदत मागवावी. आपल्याकडे थंडींत बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजूं नये असें वृद्ध माणसें बजावतात, त्याचें कारणही हेंच होय.

या शत्रूवर उपाय सोपे आहेत. हा वायु आंत येतांच कर्कश आवाज करणारें एक लहानसें यंत्र मिळतें. तें निजण्याच्या जागेजवळ बसवावें व त्याची कळ दाबून तें चालू आहे कीं नाहीं, हें वरचेवर पाहावें. जनरेटर चालू ठेवून निजूं नये. ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची चूल पेटती ठेवूं नये, आणि जेवण करतांना खिडकी थोडी तरी उघडी असावी.

दुसरा शत्रु आपण रोज घरीं पाहतों, तो म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. अमेरिकेंतील फिरत्या घरांत बहुधा प्रोपेन वापरतात. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें गळूं लागला कीं जमिनीलगत सांचतो. म्हणूनच त्याची सूचना देणारें यंत्र जमिनीजवळ बसवितात. त्यास मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचें द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळतात. तो वास आल्यास दिव्याचें बटणही दाबूं नये, कारण लहानशी ठिणगीही पुरेशी होते. सर्वांनीं बाहेर पडावें व सिलिंडरची चावी बाहेरूनच बंद करावी. गाडी चालूं असतांना ही चावी बंद ठेवणें हा शहाणपणाचा नियम आहे.

फिरत्या घराच्या भिंती पातळ असतात व आंतील सामान पुष्कळसें लांकूड, कापड व प्लास्टिक यांचें असतें. त्यामुळें आग लागल्यास ती थोड्याच मिनिटांत सर्वत्र पसरते. यासाठीं दाराखेरीज बाहेर पडण्याची एक खिडकी त्यांत केलेली असते. ती कोणती, तिची मूठ कशी फिरवावी व खालीं कसें उतरावें, हें प्रवासाच्या पहिल्याच दिवशीं लहानथोर सर्वांनीं प्रत्यक्ष करून पाहिलें पाहिजे. आग विझविण्याचें नळकांडें दाराजवळ असावें. परंतु आधीं माणसें बाहेर काढावीं. सामानासाठीं कोणीही परत आंत जाऊं नये.

आतां रस्त्याचे धोके पाहूं. आपल्या घरांत एखादें कपाट वाढलें तर जमीन तक्रार करीत नाहीं. फिरत्या घराचीं चाकें मात्र करतात. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅमचा भार, म्हणजे दोन मोठीं माणसेंच जणूं अधिक बसलीं. त्यावर भांडींकुंडीं, अंथरुणें व खुर्च्या यांची भर पडते. भार फार व टायरमधील हवा कमी, असें झालें म्हणजे टायर तापतो व भर वेगांत फुटतो. टायर न झिजतांही जुना होतो. अमेरिकेंत त्याच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. २३१९ याचा अर्थ तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. एवढें वाचतां येणें हेंही एक उपयुक्त ज्ञान आहे. तसेंच, मोटारीमागें ओढावयाचें घर चालूं असतांना त्यांत कोणी बसूं नये. अनेक राज्यांत तसा कायदाच आहे.

उंचीचें भानही तितकेंच आवश्यक आहे. उत्तर कॅरोलायना राज्यांतील डरहॅम शहरांत एका रेल्वेपुलाखालून जाण्यास केवळ ११ फूट ८ इंच जागा होती. सूचना व दिवे असूनही कित्येक चालकांनीं आपल्या उंच गाड्यांचीं छपरें त्या पुलावर सोलून घेतलीं. शेवटीं २०१९ सालीं तो पूल ८ इंच उंच करण्यांत आला. आपल्या घराची उंची कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटविली, तर असा प्रसंग टळतो.

राहतां राहिला चोर. मुक्कामाची जागा दिवसाउजेडीं निवडावी. अंधार पडल्यावर घाईनें मिळेल तेथें थांबूं नये. गाडी अशी उभी करावी कीं, वेळ पडल्यास मागें न घेतां सरळ निघतां येईल. रात्रीं अनोळखी मनुष्यानें दार ठोठावल्यास दार न उघडतां खिडकीआडूनच बोलावें. या बाबतींत एक नवलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील पुष्कळ फिरत्या घरांच्या सामानकप्प्यांस 'सी. एच. ७५१' या एकाच क्रमांकाचीं कुलपें लावलेलीं असतात. म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्यास चालते. अशा कुलपाच्या भरंवशावर मौल्यवान वस्तु ठेवणें योग्य नव्हे. आपण या क्षणीं कोठें आहों, हें सर्व जगास कळविण्याची हल्लींची हौसही आवरावी. छायाचित्रें घरीं परतल्यावर दाखवावीं.

अरण्यांत चोराहून निराळे पाहुणे येतात. १८७२ सालीं स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत अस्वल व लांडगा यांच्यापासून निदान १०० यार्ड, म्हणजे सुमारें ९१ मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. अन्नाच्या वासानें अस्वल मुक्कामापर्यंत येतें. यास्तव खरकटें व शिदोरी बाहेर ठेवूं नये. आणि सोसाट्याच्या चक्रीवादळाची सूचना मिळाली, तर फिरतें घर सोडून पक्क्या इमारतींत जावें; चाकांवरचें घर वाऱ्यास पुरेसें जड नसतें.

संकटसमयीं उत्तर अमेरिकेंत ९११ व आपल्या देशांत ११२ या क्रमांकावर मदत मागतां येते. परंतु पलीकडचा मनुष्य पहिला प्रश्न 'आपण कोठें आहांत?' हाच विचारतो, व नेमकें उत्तर न आल्यास मदत वाट चुकते. रस्त्याचें नांव व मैलाचा शेवटचा दगड किंवा फलक ध्यानांत ठेवावा. डोंगरांत दूरध्वनि चालेलच असें नाहीं. म्हणून रोजचा मुक्काम कोठें होणार, हें घरच्या एखाद्या आप्तास आधीं कळवून ठेवावें.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील पुष्कळशी राखण तुमच्याच हातची आहे. वडील माणसें दिवसभर गाडी चालवून थकलेलीं असतात, व थकलेला मनुष्य विसरतो. तुम्ही रोज निजण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारा: वायूची सूचना देणारें यंत्र चालू आहे ना? जनरेटर बंद केला ना? चूल विझविली ना? गाडीची किल्ली नेहमींच्या खुंटीवर आहे ना? आणि आज आपण कोठें आहों? या पांच प्रश्नांस पांच मिनिटेंही लागत नाहींत. पांचांचीं उत्तरें मिळालीं कीं दिवा मालवावा, व खिडकींतून तारे पाहत स्वस्थ निजावें. सकाळीं नवा डोंगर दारांत उभा असेल.