एकस्वाचे नूतनीकरण शुल्क आणि महाविद्यालये

एकस्व अर्थात पेटंट मंजूर झाले की त्याचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून प्राचार्यांच्या दालनात लावले जाते आणि कार्य तडीस गेले असे मानले जाते. कायद्याची भूमिका वेगळी आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ५३ नुसार एकस्वाची मुदत अर्ज दाखल केल्याच्या दिनांकापासून २० वर्षांची असली, तरी ती वर्षावर्षाने टिकवावी लागते. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक वर्षाचे शुल्क ते वर्ष सुरू होण्यापूर्वी भरावयाचे असते. ते न भरल्यास एकस्व संपुष्टात येते व तो शोध सर्वांना खुला होतो.

शुल्क चढत्या श्रेणीचे आहे. उपयोग उरला नाही असा शोध धारकाने अडवून ठेवू नये, हा त्यामागील हेतू होय. व्यक्ती व मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरताना तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी प्रतिवर्षी ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये पडतात. एकूण रक्कम ७६,८०० रुपये होते. मोठ्या कंपन्यांना याच्या पाचपट भरावे लागते. शैक्षणिक संस्थांना ही सवलत २०२१ च्या नियमदुरुस्तीने मिळाली. तेव्हा अडचण पैशाची क्वचितच असते, ती दिनांकाची असते.

समजा, अर्ज १० जुलै २०१९ रोजी दाखल झाला आणि मंजुरीची नोंद ५ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. मंजुरीपर्यंत काहीच भरावे लागले नाही. परंतु वर्षांची गणना अर्जाच्या दिनांकापासूनच चालू होती. त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षाचे साचलेले २,४०० रुपये नोंदीपासून तीन महिन्यांत आणि सहाव्या वर्षाचे शुल्क १० जुलै २०२४ पूर्वी देय ठरते. प्रमाणपत्राच्या आनंदात नेमके हेच तीन महिने निसटतात. नमुना ४ द्वारे जादा शुल्कासह मुदतवाढ मिळते. साचलेल्या शुल्काबाबत ती नोंदीपासून कमाल नऊ महिन्यांपर्यंत, तर पुढील वार्षिक शुल्काबाबत सहा महिन्यांची असते.

तीही टळल्यास कलम ६० नुसार एकस्व संपुष्टात आल्यापासून १८ महिन्यांत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. चूक हेतुपुरस्सर नव्हती आणि अर्जास अवाजवी विलंब झाला नाही, हे दाखवावे लागते. एकस्व परत मिळाले तरी ते संपुष्टात आल्यापासून पुनःस्थापनेचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळातील उल्लंघनाबद्दल दावा लावता येत नाही. गेलेला काळ गेलाच.

महाविद्यालयात धारक संस्था असते, पाठपुरावा मात्र एखादा प्राध्यापक करीत असतो. तो निवृत्त झाला अथवा अन्यत्र गेला की पत्रव्यवहार जुन्याच पत्त्यावर जात राहतो. हे काम कार्यालयीन नोंदवहीत आणि अंदाजपत्रकातील स्वतंत्र शीर्षाखाली असावयास हवे. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने किमान चार वर्षांचे शुल्क इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आगाऊ भरल्यास १० टक्के सूट दिली आहे. वरील उदाहरणात सातव्या ते दहाव्या वर्षाचे ९,६०० रुपये एकत्रित भरल्यास ८,६४० रुपयांत चार वर्षांचा प्रश्न मिटतो.