कोहळा, कमळाचा देठ आणि बाहुली

सरावाचा पुतळा माणसाशी किती मिळताजुळता असावा? आपल्या व्यवसायातील या प्रश्नाचे उत्तर मला सुश्रुतसंहितेत सापडते. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात छेदनाच्या अभ्यासासाठी कोहळा, दुधी व कलिंगड, शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ, तर पट्टबंधनासाठी सर्व अवयवांचा पुतळा सांगितला आहे. कोहळा माणसासारखा दिसत नाही. कमळाचा देठ मात्र शस्त्राला शिरेसारखा लागतो. पट्टी बांधताना अवयवांचा आकारच महत्त्वाचा, म्हणून तेथे पूर्ण पुतळा. साम्य हवे ते त्या क्रियेपुरते.

हाच विवेक ‘निओनॅटली’ या बाहुलीत दिसतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या कार्यक्रमात तिच्यावर नवजात बालकाला श्वास देण्याचे शिक्षण दिले जाते. पाणी भरले की तिला बाळाचे वजन येते. नाळेचे ठोके व रडणे प्रशिक्षक रबरी फुगे दाबून निर्माण करतो. मास्क नीट बसला नाही तर छाती वर येत नाही. शिकायचे तेवढे तिच्यात खरे आहे.

परंतु साधन चांगले असले तरी काम संपत नाही. टांझानियातील हायडोम रुग्णालयात एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवरील कौशल्य सुधारले, पण प्रसूतिकक्षातील प्रत्यक्ष उपचार बदलले नाहीत. पुढे तेथेच, कामाच्या जागी, थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू झाला. तेव्हा पहिल्या चोवीस तासांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे ११ वरून ७ वर आले.

संगणकावर चालणाऱ्या महागड्या पुतळ्यांना मी कमी लेखत नाही. गुंतागुंतीच्या प्रसंगी अनेकांनी मिळून निर्णय घेण्याच्या तालमीस ते उपयोगी पडतात. पण बैहर वा लांजीकडे मध्यरात्री जन्मलेले बाळ रडले नाही, तर बालाघाटचे जिल्हा रुग्णालय दूर असते आणि परिचारिकेच्या हाती असते ते पहिले एक मिनिट.

म्हणून माझी व्यवसायबंधूंना व समाजातील दात्यांना नम्र सूचना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक भारी पुतळा ठेवण्यापेक्षा प्रत्येक प्रसूतिकक्षात एक साधी बाहुली द्यावी, शेजारी तेथलीच पिशवी व मास्क ठेवावा, आणि पाळी बदलताना दहा मिनिटे सराव व्हावा. पहिली चूक व्हायचीच असेल, तर ती बाहुलीवर होऊ द्यावी.