‘म्हणजे दुष्काळी भाग ना?’

पुण्यात होस्टेलवर पहिल्याच दिवशी रूममेटने विचारलं, ‘‘कुठला रे तू?’’ म्हटलं, ‘‘जालन्याचा.’’ लगेच पुढचा प्रश्न, ‘‘म्हणजे दुष्काळी भाग ना?’’ बाहेर शिकायला गेलेल्या अनेकांना हा अनुभव आला असेल. आपली ब्रँच कळायच्या आधीच समोरच्याला आपला पाऊस माहीत असतो!

भूगोल ओळख घडवतो, हे खरंच. पण त्या भूगोलाची गोष्ट कोण सांगतं, यावरही बरंच ठरतं. रशियाचंच बघा. तिथली निम्म्याहून जास्त जमीन खाली कायम गोठलेली. तरी ‘आम्ही उत्तरेची माणसं’ हे तिथे रडगाणं नाही, ऐट आहे. सोव्हिएत काळात उत्तरेत काम करणाऱ्यांना जादा पगार मिळायचा. २००७ मध्ये तर उत्तर ध्रुवावर, समुद्राच्या तळाशी रशियाचा झेंडा रोवला गेला.

आता आपल्याकडे या. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण पर्जन्यछायेत. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पण याच मातीतल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. बियाणं आणि स्टील म्हटलं की जालन्याचं नाव निघतंच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच नाही पडली.

मग आपणही छाती फुगवायची का? जरा थांबा. रशियाच्या उत्तरेतली व्होर्कुटा, नोरिल्स्क ही शहरं श्रमछावण्यांतल्या कैद्यांनी उभारली. ऐटीच्या गोष्टीत ते कैदी सहज मागे पडतात. आपणही ‘दुष्काळाशी झुंजणारा मराठवाडा’ म्हणत नुसत्या टाळ्या घेतल्या, तर टँकरची वाट बघत हंडा घेऊन उभी असलेली आजी त्यात हरवेल. पाऊस कमी पडणं हा भूगोल. पण नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येणं, हा काही फक्त भूगोल नाही. तिथे नियोजनाला प्रश्न विचारावेच लागतात.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘दुष्काळी ना?’ म्हटलं, तर चिडू नका, लाजूही नका. सरळ सांगा, ‘‘हो, पाऊस कमीच. सुट्टीत चल गावाकडे. कडवंचीची शेततळी दाखवतो. आणि बाकीच्या गावांत टँकर का येतो, तेही सांगतो.’’