चाल नको असतानाची चाल

पटावर फक्त चार मोहरे ठेवा. पांढरा राजा एफ५वर, त्याचं प्यादं ई४वर; काळा राजा डी४वर, त्याचं प्यादं ई५वर. दोन्ही प्यादी समोरासमोर अडलेली. प्रत्येक राजा आपलं प्यादं राखतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. आता चाल कोणाची? ज्याची असेल, तो हरला. राजा हलवावाच लागतो, हलला की प्यादं उघडं पडतं, आणि प्याद्यामागोमाग डावही जातो.

या कोंडीला बुद्धिबळात झुगझ्वांग म्हणतात. एरवी आपली पाळी म्हणजे आपली संधी. इथे पाळी येणं हेच संकट. बुद्धिबळात ‘पास’ म्हणता येत नाही, त्या एका नियमातून हे सगळं उभं राहतं. माझ्या मते खेळातला सर्वांत सुंदर नियम तोच, कारण मोजकेच मोहरे उरलेल्या पटावरही तो डाव जिवंत ठेवतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९२३ सालचं, कोपनहेगनचं. फ्रीडरिख झेमिशविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आरोन निम्झोविचने पंचविसाव्या चालीला एच-पट्टीतलं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. पट मोहऱ्यांनी भरलेला, तरी पांढऱ्याला धड चाल सापडेना. झेमिशने डाव सोडला. जाणकारांचा मात्र एक आक्षेप आहे: पांढऱ्याला पास करता आलं असतं तरी काळा पुढच्या चालीत त्याचा वजीर कोंडणारच होता. आक्षेप मला पटतो. पराभवाला केवळ चालीची सक्ती कारणीभूत असेल, तरच ते अस्सल झुगझ्वांग.

तसं पाहायचं तर व्हँकूव्हरला जावं. १९७१च्या कँडिडेट्स सामन्यात बॉबी फिशरने मार्क तैमानोवला ६-० असं हरवलं. चौथ्या डावाच्या शेवटी फिशरकडे राजा, उंट आणि प्यादी; तैमानोवकडे राजा, घोडा आणि प्यादी. काळा घोडा ई७वरून जी६चं प्यादं राखत होता, राजा सी७वरून बी६चं. तोटा न होता सरकवता येईल असं प्यादं उरलं नव्हतं. उंट घरं बदलत राहिला आणि अखेर ई८वर येऊन थांबला. आता घोडा हलला तर जी६ जातं, राजा हलला तर बी६. इकडे आड, तिकडे विहीर. तैमानोवने राजा हलवला. फिशरने लगेच उंट देऊन जी६ मारलं, घोड्याने उंट घेतला, आणि पांढऱ्या राजाने आत घुसून आधी बी६, मग सी५ टिपलं. ए आणि बी पट्टीतल्या पांढऱ्या प्याद्यांना एकटा घोडा पुरा पडला नाही. तैमानोवला त्या क्षणी पास करता आलं असतं, तर उंटाचं बलिदान फुकट गेलं असतं: राजा सी७वर ठाम असताना बी६ पडत नाही.

संगणकालाही हे जड जातं. बुद्धिबळाचे प्रोग्रॅम वेळ वाचवण्यासाठी एक युक्ती करतात: आपली पाळी सोडून दिली तरी आपण वरचढ राहतो, असं दिसलं तर ती फांदी पुढे तपासायचीच नाही. झुगझ्वांगमध्ये पाळी सोडणं हे कुठल्याही खऱ्या चालीपेक्षा चांगलं असल्यामुळे हिशेब साफ चुकतो. म्हणून नुसते राजे आणि प्यादी उरली की ही युक्ती सहसा बंद ठेवतात.

शिकणाऱ्या मुलांनी डावाच्या शेवटाकडे जाताना एखादं प्यादं मागेच ठेवावं. दोघेही अडले की त्या प्याद्याच्या एका घराच्या चालीने पाळी समोरच्याच्या गळ्यात पडते.